जपान रेल पास : आधी हिशेब, मग खरेदी

जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी बहुतेकांनी जपान रेल पास आता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकियो, क्योतो, ओसाका आणि सवड असेल तर हिरोशिमा, असा आठ-दहा दिवसांचा जो ठरलेला फेरा आपल्याकडची मंडळी करतात, त्यात या पासचे पैसे वसूल होत नाहीत. तरीही प्रवास कंपन्यांच्या माहितीपत्रकांत, आधी जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सल्ल्यांत आणि जुन्या प्रवासवर्णनांत ‘सर्वांत आधी रेल पास काढा’ हे वाक्य जसेच्या तसे टिकून आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत तो सल्ला अगदी बरोबर होता. त्यानंतर काय बदलले आणि हा पास आता कोणाच्या उपयोगाचा उरला आहे, हे पाहण्यासाठी सुरुवात मात्र व्हिसापासून करावी लागते, कारण पास कोणाला मिळणार हे पासपोर्टवरच ठरते.

पासची ओळख थोडक्यात अशी : एकदा पैसे भरले की ठरावीक दिवस रेल्वेने हवा तेवढा प्रवास करता येतो. तो १९८१ साली सुरू झाला, तेव्हा जपानची रेल्वे सरकारी होती. १ एप्रिल १९८७ रोजी तिचे विभाजन होऊन प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या आणि त्या सर्वांना मिळून जेआर म्हणण्याची पद्धत पडली. उत्तरेच्या होक्काइदोपासून दक्षिणेच्या क्यूशूपर्यंत या सहाही कंपन्यांच्या गाड्यांत एकच पास चालतो, हे त्याचे खरे मोठेपण आहे. तो सलग ७, १४ किंवा २१ दिवसांचा मिळतो. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जात असल्यामुळे संध्याकाळी चार वाजता पास सुरू करणाऱ्याचा तो पहिला दिवस जवळपास फुकटच जातो. मध्ये दोन दिवस गाडीत बसायचे नसेल, तर तेही मोजले जातात.

हा पास ‘टेम्पररी व्हिजिटर’ या दर्जाने जपानमध्ये आलेल्या परदेशी पासपोर्टधारकांसाठी आहे. (परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या जपानी नागरिकांसाठी वेगळी तरतूद आहे, तिच्याशी आपला संबंध नाही.) इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टच्या पानावर जे छोटे स्टिकर चिकटवतो, त्यावर हा दर्जा, मुक्कामाची मुदत आणि ती संपण्याची तारीख छापलेली असते, पास हाती घेताना खिडकीवरचा कर्मचारी ते पान उघडून पाहतो. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्याला पास मिळत नाही, आणि मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे संगणक क्षेत्रातली बरीच भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी मंडळीही आहेत. अशा घरी आई-वडील दोन महिन्यांसाठी आले, तर त्यांना पास घेता येतो. ज्या मुलाने त्यांना बोलावले, त्याला आणि सुनेला मात्र तो मिळत नाही. चौघे एकत्र क्योतोला निघाले की दोघांचा पास आणि दोघांची तिकिटे अशी विभागणी होते. या मार्गावरच्या सर्वांत वेगवान नोझोमी गाडीत पास जादा पैसे भरल्याशिवाय चालत नाही, तिच्याहून थोड्या हळू हिकारीत चालतो, आणि मुलाने आपले तिकीट सवयीने नोझोमीचे काढलेले असते, म्हणजे कुटुंब दोन गाड्यांत वाटले जाते. यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

भारतीय पासपोर्टधारकाला जपानसाठी व्हिसा आधीच काढावा लागतो. तिथे उतरल्यावर तो मिळण्याची सोय नाही. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये मुंबईतील जपानच्या महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, पण सर्वसाधारण पर्यटकाने अर्ज व्हीएफएस ग्लोबल चालवत असलेल्या व्हिसा अर्ज केंद्रात द्यायचा असतो, आणि अशी केंद्रे मुंबई व पुणे या दोन्ही शहरांत आहेत. १ एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळू लागला. तो एका प्रवेशाचा असून त्यावर ९० दिवसांपर्यंत राहता येते. ‘ई’ हे अक्षर पाहून घरबसल्या अर्ज होईल असे मात्र कोणी समजू नये. कागदपत्रे आणि पासपोर्ट घेऊन केंद्राची पायरी चढावी लागतेच. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना पासपोर्टवर चिकटवलेला नेहमीचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी जपानमधल्या नातेवाइकाकडून निमंत्रणाचे पत्र, त्याच्या निवासाचा दाखला आणि खर्च तो करणार असेल तर हमीपत्र व उत्पन्नाचे पुरावे मागवावे लागतात.

पर्यटकाकडून साधारणपणे भरलेला अर्ज, छायाचित्र, विमानाचे आरक्षण, बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, प्राप्तिकराची विवरणपत्रे, नोकरदार असल्यास कंपनीचे पत्र आणि मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम मागितला जातो. यातली कागदपत्रे जमवणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. मात्र ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. रजेच्या पत्रातल्या तारखा एक, विमानाच्या तारखा दुसऱ्या आणि हॉटेलची नोंद तिसऱ्याच दिवसापर्यंतची, असे अर्ज अडतात. जपानी व्यवस्था कठोर आहे असा समज आहे. मला ती नेमकी वाटली. जे मागितले तेच द्यावे, त्याहून कमी नको आणि जास्तही नको, एवढीच तिची अपेक्षा असते.

या कागदांपैकी दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता मी विशेष महत्त्वाचा मानतो. त्यात तारीख, त्या दिवशीचा बेत, संपर्क आणि मुक्कामाचे ठिकाण असे चार रकाने असतात. लोक तो कसाबसा भरून देतात आणि व्हिसा हाती आला की विसरून जातात. माझा सल्ला असा की त्या तक्त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, तिला पाचवा रकाना जोडावा आणि त्यात त्या दिवशीच्या रेल्वेप्रवासाचे भाडे लिहावे. जेआरचे भाडे वेगळे आणि इतर कंपन्यांचे वेगळे लिहिले की उत्तमच. भाडी नॅव्हिटाइमसारख्या जपानी मार्गदर्शक ॲपवर काही मिनिटांत सापडतात. रेल पास घ्यावा की नाही, याचे उत्तर या रकान्याच्या बेरजेत असते आणि ते व्हिसाच्या अर्जाच्या दिवशीच मिळू शकते.

प्रवासाच्या दिवशी ई-व्हिसाबाबत एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. व्हिसा मिळाल्याची सूचना फोनच्या पडद्यावर, इंटरनेट चालू असताना, संकेतस्थळावरून प्रत्यक्ष उघडून दाखवावी लागते. तिचा छापील कागद, पीडीएफ किंवा पडद्याचे टिपलेले चित्र ग्राह्य धरले जात नाही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती फाइलमध्ये लावून नेणाऱ्या आपल्या लोकांना हे पचायला जड जाते. ज्येष्ठांच्या फोनमध्ये हे पान कसे उघडायचे, याची तालीम घरीच करून घ्यावी आणि जपानमध्ये चालणारे ई-सिम किंवा रोमिंग निघण्यापूर्वी घ्यावे, म्हणजे विमान कंपनीच्या काउंटरवर आणि तिकडे उतरल्यावरही खोळंबा होत नाही. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि सीमाशुल्काची माहिती आधी भरली की क्यूआर कोड मिळतो. व्हिसा असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. नोव्हेंबर २००७ पासून १६ वर्षे व त्यावरील परदेशी पाहुण्यांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते, आणि मग ते स्टिकर लागते.

सामानाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. मांसाचे पदार्थ, बंद पाकिटातले असले तरी, नेता येत नाहीत, आणि ताज्या फळांना तपासणीचे प्रमाणपत्र लागते. मे महिन्यात टोकियोच्या लेकीसाठी देवगड हापूसची पेटी न्यावी, असे कितीही मनात आले तरी ते जमणारे नाही. भारतीय आंब्यावरची बंदी जपानने २००६ मध्ये उठवली, पण ती ठरावीक केंद्रात वाफेची प्रक्रिया केलेल्या आंब्यापुरती. औषधांच्या बाबतीत जपान अधिकच काटेकोर आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे महिनाभराची नेता येतात, त्याहून जास्त नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आणि १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे मुळीच चालत नाहीत.

आता पासचा हिशेब. १ ऑक्टोबर २०२३ रोजी सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येन झाली. चौदा दिवसांचा पास ४७,२५० वरून ८०,००० वर आणि एकवीस दिवसांचा ६०,४५० वरून १,००,००० वर गेला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे पैसे पडतात. रुपयांत पाहिले तर विनिमयाच्या दराप्रमाणे सात दिवसांचा पास माणशी अठ्ठावीस ते तीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा आकडा लाखाच्या वर. ही वाढ सुमारे सत्तर टक्क्यांची आहे, आणि सामान्य तिकिटांचे दर त्या प्रमाणात वाढलेले नाहीत, इथेच सगळे गणित फिरले.

जुनी किंमत लोकांच्या डोक्यात इतकी का बसली, हेही आकड्यांवरूनच कळते. टोकियो ते क्योतो आरक्षित जागेचे एकेरी भाडे सुमारे १४,००० येन आहे, ओसाकाहून परत येताना ते त्याहून थोडे जास्त पडते, आणि क्योतो ते ओसाका या साध्या जलद गाडीच्या प्रवासाला सहाशे येनही लागत नाहीत. बेरीज एकोणतीस हजारांच्या आसपास जाते. म्हणजे जुना पास एका साध्या फेरीतच फिटत होता आणि विमानतळाची गाडी, नारा, हिरोशिमा हे सगळे वरकड नफ्यात जमा होत होते. आज त्याच फेरीसाठी पास घेणारा माणूस वीस हजार येन हकनाक मोजतो. हिरोशिमा जोडले तरी चित्र फारसे बदलत नाही : टोकियो ते क्योतो चौदा हजार, क्योतो ते हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास आणि हिरोशिमाहून थेट टोकियो साडेएकोणीस हजारांच्या आसपास, असे पंचेचाळीस हजार होतात. त्यात विमानतळावरची नारिता एक्स्प्रेस आणि नाराची फेरी सात दिवसांत बसवली तर पास जेमतेम बरोबरीला येतो. आणि एवढी ओढाताण करून बरोबरीला येणारी खरेदी मला शहाणपणाची वाटत नाही.

विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघण्याचे घेतले, तर पासची बाजू आणखी लंगडी पडते. टोकियोत उतरावे, क्योतो-ओसाका पाहावे आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे मुंबईला परतावे, हा बेत अनेक कुटुंबांना सोयीचा पडतो. त्यात शिनकानसेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, प्रवास एकदाच होतो. एका प्रवास कंपनीने अशाच मार्गाच्या अंदाजपत्रकात मला चौघांसाठी सात दिवसांचे पास ‘आवश्यक’ म्हणून धरून दिले होते. पासचे दोन लाख येन आणि एकेरी तिकिटांचे छप्पन्न हजार येन, असे दोन आकडे शेजारी मांडून दाखवल्यावर तो शब्द अंदाजपत्रकातून निघाला. अशा कंपन्यांना पासच्या विक्रीत रस असतो, हे गृहीत धरूनच त्यांचे कागद वाचावेत.

पैशाखेरीज पासची दुसरी उणीव नोझोमीची. टोकियो ते शिन-ओसाका या मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. सर्वांत वेगवान नोझोमी क्योतोला सव्वादोन तासांत पोहोचवते, हिकारीला दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि कोदामा प्रत्येक स्थानकावर थांबते. नोझोमी गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत सुटतात, हिकारी तासाला साधारण दोनच. पूर्वी पासधारकाला नोझोमीत बसताच येत नसे. ऑक्टोबर २०२३ पासून बसता येते, पण वेगळे पूरक तिकीट काढून. टोकियो ते क्योतो किंवा शिन-ओसाका यासाठी ते ४,९६० येन आणि हिरोशिमापर्यंत ६,५०० येन असे ठरवले गेले. पन्नास हजार देऊनही सर्वाधिक सुटणाऱ्या गाडीसाठी पुन्हा हात खिशात घालावा लागतो, ही गोष्ट मला खटकते. निशी-कासाईच्या कुटुंबाने चौघांनीही हिकारीची आरक्षणे एकाच वेळी, शेजारच्या जागांवर केली की त्यांचा प्रश्न सुटतो. त्याहून सोपे म्हणजे आई-वडिलांचीही साधी तिकिटेच काढावीत.

गाडीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका हा मार्ग सुरू झाला, तेव्हा वेग ताशी २१० किलोमीटर होता. आज याच मार्गावर तो २८५ आहे आणि ईशान्येकडच्या तोहोकू मार्गावर ३२०. एवढ्या वर्षांत गाडी रुळांवरून घसरून किंवा टक्कर होऊन एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. टोकियो-ओसाका मार्गाची लांबी सुमारे ५१५ किलोमीटर आहे आणि याच तंत्रावर उभारल्या जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची ५०८, त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलातून पुढे काय सुटणार आहे याची कल्पना इथे बऱ्यापैकी येते. सोळा डब्यांच्या गाडीत १,३२३ आसने असतात आणि साध्या वर्गात एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशी त्यांची मांडणी असते. टोकियोहून जाताना ‘ई’ अक्षराची खिडकी मागून घ्यावी : आभाळ मोकळे असेल तर पाऊण तासाच्या सुमारास शिन-फुजी स्थानकाजवळ उजवीकडे फुजी पर्वत दिसतो. फलाटावर डब्याचा क्रमांक जमिनीवर रंगवलेला असतो आणि दार नेमके तिथेच येते. दादरच्या फलाटावर इंडिकेटर पाहून धावण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे शांत उभे राहणेच पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटते.

पासमध्ये काय येत नाही, याची यादी बरीच मोठी आहे आणि विक्रेते ती बारीक अक्षरांत टाकतात. टोकियोतील भुयारी रेल्वेचे सर्व मार्ग पासबाहेर आहेत. निशी-कासाईला जाणारा तोझाई मार्गही त्यातलाच. नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यापासून साठ किलोमीटरहून दूर आहे. तिथून जेआरची नारिता एक्स्प्रेस पासवर चालते, पण निप्पोरीला चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवणारी स्कायलायनर चालत नाही, कारण ती केइसेई या खासगी कंपनीची आहे. हानेदा विमानतळाची मोनोरेल पासमध्ये बसते, केइक्यू कंपनीची गाडी बसत नाही. हाकोनेला जाणारी ओदाक्यूची गाडी बाहेर आहे. क्योतोत फुशिमी इनारीचे देऊळ जेआरच्या इनारी स्थानकासमोरच असल्यामुळे तिथे पास कामाला येतो, पण किनकाकुजीसारखी बरीच ठिकाणे शहर बसनेच गाठावी लागतात. मियाजिमा बेटाची जेआरची फेरीबोट पासवर मिळते, त्यावरचा १०० येनांचा पर्यटककर मात्र वेगळा द्यावा लागतो.

शहरांतल्या या सगळ्या किरकोळ प्रवासासाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी कोणतेही एक कार्ड पुरते. २००१ मध्ये सुइका आले आणि २०१३ पासून ही प्रमुख कार्डे एकमेकांच्या शहरांत चालू लागली. भारतात विकले जाणारे अँड्रॉइड फोन जपानी कार्डयंत्रणेला जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष प्लास्टिकचे कार्ड घ्यावे आणि ते स्थानकावरच्या यंत्रात रोख नोटा घालून भरावे, हा सर्वांत बिनघोर मार्ग आहे. वेलकम सुइका हे पर्यटकांचे कार्ड अनामत न घेता मिळते, पण ते २८ दिवसच चालते आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही. तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत बेतानेच भरावे.

शिनकानसेनची सुटी तिकिटे स्थानकावरच्या यंत्रातून घेता येतात किंवा ‘स्मार्ट ईएक्स’ या ॲपवर परदेशी क्रेडिट कार्डाने काढता येतात. आधी आरक्षण केले तर या ॲपवर काही गाड्यांना सवलतही मिळते. नववर्ष, एप्रिल अखेरचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टमधला ओबोनचा सण या काळात नोझोमीच्या सर्व जागा आरक्षित असतात, म्हणून या तारखांना जाणाऱ्यांनी तिकिटे आधीच घ्यावीत. मोठ्या बॅगांचा नियम या मार्गावर मे २०२० पासून लागू आहे : लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरहून अधिक असेल, तर बॅगेसाठी जागा असलेले आसन आरक्षित करावे लागते, नाही तर १,००० येन भरावे लागतात. लग्नकार्याला न्यावी तशी भली मोठी बॅग घेऊन निघणाऱ्यांनी ती घरीच टेपने मोजावी. याहून चांगला उपाय ताक्क्यूबिनचा आहे. १९७६ मध्ये यामातो कंपनीने सुरू केलेली ही घरपोच सामानसेवा टोकियोच्या हॉटेलातून उचललेली बॅग दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोहोचवते. एका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. संपूर्ण जपानप्रवासात एखाद्या सेवेला मी डोळे झाकून पैकीच्या पैकी गुण देईन, तर ती हीच. गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना पासपेक्षा हिचा उपयोग कितीतरी जास्त आहे, कारण जुन्या स्थानकांत सगळीकडे सरकते जिने सापडतीलच असे नाही.

ज्यांना एकाच भागात फिरायचे आहे, त्यांनी प्रादेशिक पास पाहावेत. जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास पाच दिवसांचा असून ऑक्टोबर २०२३ पासून त्याला १७,००० येन लागू लागले. क्योतो, ओसाका, नारा, हिमेजीचा किल्ला आणि हिरोशिमा एवढे त्यात आरामात होते, आणि शिन-ओसाका ते हिरोशिमा या टप्प्यावर नोझोमीतही बसता येते. टोकियोहून एकेरी तिकीट आणि पुढे हा पास, ही जोडी मला बहुतेक मराठी कुटुंबांसाठी सर्वांत योग्य वाटते. टोकियोहून कानाझावामार्गे ओसाकाला जाणाऱ्यांसाठी होकुरिकू आर्च पास आहे. १६ मार्च २०२४ रोजी कानाझावापुढे त्सुरुगापर्यंत शिनकानसेन सुरू झाल्यापासून तो मार्ग आणखी सोपा झाला आहे. ईशान्य जपानसाठी जेआर ईस्टचेही स्वतंत्र पास आहेत.

मग देशभराचा महागडा पास कोणी घ्यावा? ज्यांच्या तक्त्यातल्या पाचव्या रकान्याची जेआरची बेरीज सात सलग दिवसांत साठ हजारांच्या पुढे जाते, त्यांनी अवश्य घ्यावा. टोकियोहून हिरोशिमा, तिथून क्यूशूतले फुकुओका, पुढे कागोशिमा आणि परत टोकियो असा दक्षिणेचा लांब पल्ला; किंवा एकाच आठवड्यात उत्तरेला हाकोदाते आणि पश्चिमेला क्योतो, अशी ज्यांची हौस असेल, त्यांना तो आजही परवडतो. ज्यांना बेत आयत्या वेळी बदलण्याची सवय आहे, त्यांनाही त्याचा आधार वाटेल : गाडी चुकली तर पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसावे, पाऊस लागला तर दुसऱ्याच गावाला निघावे, प्रत्येक वेळी तिकिटाचा विचार करायचा नाही. ही मोकळीक खरी आहे, पण तिची किंमत पूर्वी शून्य होती आणि आता ती मोजावी लागते.

हिशेब करूनही ज्यांनी पास घ्यायचे ठरवले असेल, त्यांनी तो अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला बरा, कारण तिथे घेतल्यास जपानला पोहोचण्याआधीच आसने आरक्षित करता येतात. एजंटाकडून मिळणाऱ्या विनिमयपत्रावर ही सोय नाही आणि ते तीन महिन्यांच्या आत मोठ्या स्थानकावर जाऊन बदलून घ्यावे लागते. नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगमध्ये भरावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते की नाही, हे पासपोर्ट समोर ठेवूनच पाहावे. बदलून घेताना पास सुरू करण्याची तारीख विचारली जाते आणि ती पहिल्या लांबच्या प्रवासाचीच सांगावी, विमानातून उतरल्याची नव्हे. हातात येतो तो साध्या तिकिटाएवढा कागदाचा तुकडा. स्वयंचलित फाटकात तो घालायचा आणि पलीकडे न विसरता उचलून घ्यायचा. कोणी चोरला काय किंवा स्वतःहून हरवला काय, तो दुसरा करून मिळत नाही, म्हणून कुटुंबातल्या एकाच माणसाने सगळ्यांचे पास एका पाकिटात सांभाळण्याऐवजी ज्याचा त्याने आपल्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवलेला चांगला.